व्यायामशाळेतून अंगणात: घरगुती ट्रॅम्पोलिन आणि सुरक्षिततेचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत ट्रॅम्पोलिन कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. पण या सभागृहातल्या किती जणांची मुलं अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आहेत? हात वर करा. बघा, निम्मे तरी हात आहेत. आता यातले बरेच जण दर दोन वर्षांनी पाच-सहा महिने तिकडे जातात. दुपारी मुलगा-सून कामावर असतात, नातवंडं शाळेतून येतात, आणि घराच्या मागच्या अंगणात काळ्या चादरीचं, निळ्या काठाचं, जाळी लावलेलं एक गोल धूड उभं असतं. शेजारची तीन पोरं कुंपणापाशी येतात आणि विचारतात, आम्ही पण येऊ का? त्या क्षणी त्या अंगणात मोठं माणूस म्हणून फक्त तुम्ही असता. काय उत्तर द्यायचं?

या प्रश्नाचं उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीच सापडलेलं होतं. ते सापडलं, छापलं गेलं, शाळाशाळांत शिकवलं गेलं, आणि मग वाटेत कुठेतरी सांडलं. ते कुठे सांडलं, हे आज बघायचं आहे. वस्तू एका जागेहून दुसऱ्या जागी जाते तेव्हा तिच्याबरोबर काय जातं आणि काय मागे राहतं, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. इथे तो हाडं मोडण्याशी जोडलेला आहे, एवढंच.

सुरुवात सर्कशीपासून. सर्कस आपल्याला काही नवी नाही. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली स्वतःची सर्कस उभी केली, तेव्हापासून मराठी माणसाने झुल्यावरच्या कसरती डोळे विस्फारून पाहिल्या आहेत. झुल्यावरचा खेळ संपला की कसरतपटू शिडीने उतरत नाही. तो हात सोडून देतो आणि खालच्या जाळीत पडतो, आणि पडल्यावर एकदोन उसळ्या घेऊन, जाता जाता एखादी कोलांटी मारून खाली उतरतो. टाळ्या पडतात त्या बहुतेक वेळा इथेच. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्स नावाच्या गावात, जॉर्ज निसेन नावाचा एक मुलगा हे बघत होता. जन्म १९१४चा. शाळेत कसरती करायचा. त्याला वाटलं, ही शेवटची उसळीच जर संपत नसती तर?

१९३० साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, आईवडिलांच्या गॅरेजमध्ये त्याने भंगारातलं लोखंड जमवून चौकट केली आणि तिच्यावर कॅनव्हास ताणला. उसळी फारशी नव्हती. पुढे तो आयोवा विद्यापीठात गेला, तिथे त्याचे प्रशिक्षक होते लॅरी ग्रिसवोल्ड, स्वतः उत्तम कसरतपटू आणि विनोदी खेळ करणारे. १९३४च्या सुमारास दोघांनी मिळून चौकट आणि कापड यांच्यामध्ये स्प्रिंगा बसवल्या, आणि आज आपण जे ओळखतो ते यंत्र तयार झालं. निसेनने ते मुलांच्या शिबिरात नेऊन बघितलं. मुलं त्यावरून उतरायलाच तयार होईनात. त्याला तिथेच कळलं असणार की आपल्या हाताला काय लागलंय.

नावाची गोष्ट छोटी आहे. १९३७ साली तो दोन मित्रांबरोबर ‘थ्री लिओनार्डोज’ या नावाने कसरतीचे खेळ करत मेक्सिकोत फिरत होता. तिथे त्याला पाण्यात सूर मारायच्या फळीसाठीचा स्पॅनिश शब्द कानावर पडला, ‘ट्रॅम्पोलिन’. तो त्याने उचलला, इंग्रजी स्पेलिंगला शेपटीला एक अक्षर जोडलं आणि व्यापारी नाव म्हणून नोंदवला. त्यामुळे कित्येक वर्षं इतर कारखानदारांना आपल्या मालाला ‘रीबाउंड टम्बलर’ असं काहीतरी लांबलचक म्हणावं लागे. शेवटी नाव सगळ्यांचंच झालं. १९४२ साली ग्रिसवोल्ड आणि निसेन यांची कंपनी निघाली, आणि लगेच महायुद्धाने तिला गिऱ्हाईक दिलं: अमेरिकन नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षण शाळा. हवेत शरीर उलटंपालटं होत असताना आपलं डोकं कुठे आहे, पाय कुठे आहेत, जमीन कुठल्या बाजूला आहे, याचं भान न सुटणं, हे वैमानिकाला लागतं. ते जमिनीवर राहून शिकवायला यापेक्षा स्वस्त साधन नव्हतं.

आता इथे जरा थांबू या, कारण माझ्या दृष्टीने गोष्टीचा गाभा इथे आहे. त्या काळात, म्हणजे चाळीस आणि पन्नासच्या दशकात, ट्रॅम्पोलिन कसं वापरलं जायचं? डोळ्यांसमोर आणा. मोठी व्यायामशाळा. मधोमध आयताकृती चौकट, कमरेपेक्षा थोडी उंच. वर एक मुलगा. एकच. बाकीचे कुठे आहेत? चौकटीच्या चारही बाजूंना उभे आहेत, हात किंचित पुढे, नजर वर. यांना ‘स्पॉटर’ म्हणत. उडी मारणारा कडेकडे सरकला तर त्याला आत ढकलायचं, हे त्यांचं काम. शिक्षक एका कोपऱ्यात. प्रत्येकाची पाळी थोडक्यात संपते, कारण पाय थकले की तोल जातो हे शिक्षकाला माहीत आहे. आणि पहिल्या दिवशी शिकवलेली पहिली गोष्ट कुठली? उंच उडायची नव्हे. थांबायची! चादरीवर पाय टेकताच गुडघे वाकवायचे, उसळी गिळून टाकायची आणि जागच्या जागी उभं राहायचं. हे जमेपर्यंत दुसरं काही नाही.

ज्यांनी मल्लखांबाचा वर्ग पाहिलाय त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. लहान मूल पहिल्यांदा वर चढतं तेव्हा शिक्षक खाली हात पसरून उभे असतात आणि बाकीची पोरं रांगेत. रांगेतलं पोर नुसतं थांबलेलं नसतं, ते बघत असतं. बघून निम्मं शिकतं.

व्यायामशाळेतल्या ट्रॅम्पोलिनभोवती जी मुलं होती, त्यांच्या थांबण्याला काम होतं. पाळी नसलेला मुलगा रिकामा नव्हता, तो राखणीला होता. ‘एकावेळी एकच’ हा नियम पाळला जात होता तो काही फलकावर लिहिलाय म्हणून नव्हे. बाकीच्या सगळ्यांना खाली काहीतरी करायला होतं म्हणून. हा मुद्दा कृपया लक्षात ठेवा, याच्याकडे मी परत येणार आहे.

पुढे काय झालं? १९५९-६०च्या सुमारास अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, ‘जंप सेंटर’ नावाची साथ आली. साथच म्हणायला हवं. मोकळ्या प्लॉटवर जमिनीत खड्डे खणायचे, त्यावर जमिनीच्या पातळीला ट्रॅम्पोलिनं बसवायची आणि अर्ध्या तासाचे पैसे घ्यायचे. येईल त्याने उड्या मारायच्या. शिक्षक नाही, रांगेतले राखणदार नाहीत. गिऱ्हाईक पैसे मोजून आलंय म्हटल्यावर त्याला आधी थांबायला शिका म्हणून कोण सांगणार? मोडलेले पाय आणि मानेच्या दुखापती वर्तमानपत्रांत येऊ लागल्या आणि ही केंद्रं जितक्या झपाट्याने उघडली तितक्याच झपाट्याने बंद पडली. यंत्र तेच होतं. त्याच्याभोवतीची माणसं काढून घेतल्यावर काय होतं, याचा हा पहिला मोठा प्रयोग, आणि तो फसला होता. पण त्यातून कोणी फार शिकल्याचं दिसत नाही.

निसेनची एक गंमत सांगायला हवी. माणूस जातिवंत प्रचारक होता. १९६० साली त्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक कांगारू भाड्याने आणून त्याच्याबरोबर ट्रॅम्पोलिनवर उड्या मारल्या. पुढचे पंजे धरून ठेवले की कांगारूला लाथ मारता येत नाही, असं म्हणे त्याच्या लक्षात आलं होतं. तो फोटो जगभर गेला. बघा हं, ट्रॅम्पोलिनचा बहुधा सर्वांत प्रसिद्ध फोटो, आणि त्यात एकाच चादरीवर दोघे! (हशा) नियम मोडण्याचं पेटंटही त्याच्याच नावावर म्हणायचं.

खेळ म्हणून मात्र ट्रॅम्पोलिन शिस्तीत वाढलं. १९६४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि २००० साली सिडनीत ते ऑलिम्पिकमध्ये आलं; शहाऐंशी वर्षांचा निसेन ते बघायला हजर होता. २०१० साली तो वारला. या खेळात चादरीवर एका वेळी एकच खेळाडू असतो. दोघांच्या एकत्र कसरतीचा जो प्रकार आहे, त्यातही दोन स्वतंत्र ट्रॅम्पोलिनं शेजारी शेजारी ठेवतात. शेजारी प्रशिक्षक जाड गादी घेऊन उभा राहू शकतो आणि उडी चुकतेय असं दिसलं की ती गादी खाली सरकवतो. म्हणजे जगातले सर्वोत्तम खेळाडू एक चादर वाटून घेत नाहीत. आणि वाढदिवसाला आपण सात पोरं एकावर चढवतो.

पण मला इथे एक प्रामाणिक अडचण तुमच्यासमोर ठेवायची आहे. मी आत्तापर्यंत व्यायामशाळेचं चित्र जरा गोडच रंगवलं. तिथेही अपघात झाले, आणि भयंकर झाले. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकन शाळा-महाविद्यालयांत मानेचा मणका मोडून मानेखालचं सगळं अंग कायमचं लुळं पडण्याच्या घटना घडल्या. आणि त्यात नवशिकेच होते असं नाही. चांगले तयार खेळाडू होते, आजूबाजूला राखणदार असताना. कारण बहुतेक ठिकाणी एकच: कोलांटी. कोलांटीत एक क्षण असा असतो की डोकं खाली आहे आणि फिरकी अपुरी पडली तर मान आधी टेकते. त्या क्षणी चारही बाजूंचे हात काही करू शकत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, १९७७ साली निवेदन काढून शाळांमधून ट्रॅम्पोलिन काढून टाकायला सांगितलं. भरपाईचे दावे, विम्याचे हप्ते यांनी उरलेलं काम केलं. १९८१ साली संघटनेने थोडी सूट दिली, कडक देखरेखीखाली वापरायला हरकत नाही म्हणून. पण तोवर शाळांनी धसका घेतला होता. चौकटी घडी घालून कोठीच्या खोलीत गेल्या.

म्हणजे दोन वेगवेगळे धोके आहेत, त्यांची सरमिसळ करू नका. एक, कोलांटीचा: क्वचित होणारा, पण आयुष्य संपवणारा. त्याच्यावर शिक्षक असूनही पुरता इलाज नव्हता, मग घरी तर बोलायलाच नको. दुसरा, हातपाय मोडण्याचा: रोजचा, आणि बहुतांशी गर्दीशी जोडलेला. हा दुसरा धोका व्यायामशाळेने सोडवून दाखवला होता.

आणि मग इतिहासाने जो उलटा डाव टाकला तो बघा. जिथे शिक्षक होता, राखणदार होते, रांग होती, तिथून ट्रॅम्पोलिन हद्दपार झालं. आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांत ते गोल आकारात, हलकं, स्वस्त होऊन, खोक्यात घालून मोठ्या दुकानांत विकायला आलं आणि थेट घराच्या अंगणात जाऊन बसलं. चादर आली, स्प्रिंगा आल्या, सोबत इशाऱ्यांचा एक कागद आला. व्यायामशाळेत जे शिक्षकाच्या अंगात होतं ते सगळं त्या कागदावर बारीक टायपात छापलेलं होतं. तो कागद कोण वाचतो? खोकं उघडताना तो पहिला उडून जातो.

आकडे सांगतो, मोजकेच. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत ट्रॅम्पोलिनच्या दुखापतीने आलेली मुलं: १९९० साली अंदाजे २९,६००. १९९५ साली ५८,४००. पाच वर्षांत दुप्पट. ज्या संशोधन निबंधात हे आकडे आले त्याच्या शीर्षकातच डॉक्टरांनी याला राष्ट्रीय साथ म्हटलं होतं. २००९ साली सर्व वयांचे मिळून सुमारे ९८,००० जखमी, त्यातले ३,१०० रुग्णालयात दाखल करावे लागले. १९९९ साली संघटनेने स्पष्ट सांगितलं की ही वस्तू घरी नको. २०१२ साली पुन्हा सगळा पुरावा तपासून, घरच्या वापराला आमचा ठाम विरोध आहे असंच म्हटलं. ते मत मी तुमच्यापासून लपवणार नाही: डॉक्टरांचा पहिला सल्ला ‘घेऊ नका’ हाच आहे. पण तुम्ही पोचता तेव्हा ते धूड आधीच अंगणात असतं, आणि सुनेने ते हौसेने घेतलेलं असतं. त्यामुळे पुढचं बोलणं भाग आहे.

त्या २०१२च्या निवेदनात एक ओळ आहे ती या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे. सुमारे तीनचतुर्थांश दुखापती, म्हणजे चारातल्या तीन, चादरीवर एकापेक्षा जास्त जण असताना होतात. आणि त्यात मोडतो कोण? सगळ्यात लहान. सगळ्यात लहान मुलाला दुखापत होण्याची शक्यता त्याच्या वजनदार सवंगड्यांच्या तुलनेत चौदा पटींपर्यंत जाते.

असं का होतं, ते समजून घेऊ. पोरं एकमेकांवर आदळतात हा त्यातला छोटा भाग. मोठा भाग चादरीचा. चादर ही स्प्रिंगांची बँक आहे. वरून पडणारा माणूस तिच्यात ऊर्जा जमा करतो आणि ती त्याला ती परत देते. एकटाच असेल तर ज्याचं त्याला. पण दोघे असतील तर खातं एकच आणि काढणारे दोन. समजा ७५ किलोचा बाबा आणि २५ किलोची मुलगी आहे. बाबाने अर्ध्या मीटरवरून पडून चादर दाबली आणि नेमक्या त्या क्षणी मुलीचे पाय चादरीवर असले, तर बाबाचा ठेवा तिच्या खात्यात जातो. वजन तिप्पट, म्हणजे सगळी ऊर्जा गेली असं धरलं तर ती दीड मीटर जास्त उडेल. सगळी कधीच जात नाही, पण अर्धी गेली तरी तिला अपेक्षा नव्हती इतक्या उंचीवर ती जाते, आणि कुठे उतरणार हे तिच्या हातात राहत नाही. मुलं याला खेळ समजतात. ‘काका, मला उडवा!’ म्हणतात. उडवू नका.

याहून वाईट उलट्या वेळेला होतं. मुलगी खाली येतेय आणि त्याच क्षणी बाबाने दाबून सोडलेली चादर वर येतेय. मग ती चादर मऊ राहत नाही, वर येणाऱ्या फरशीसारखी लागते. चार-पाच वर्षांच्या मुलाचं गुडघ्याखालचं हाड यात कोलांटी नाही, पडणं नाही, काही नाही, नुसतं उभ्या उभ्या मोडतं. अस्थिरोगतज्ज्ञ या मोडीला ट्रॅम्पोलिनच्याच नावाने ओळखतात. आईबाप शपथेवर सांगतात की तो पडलाच नाही हो, आणि ते खरंच सांगत असतात.

आता जाळी. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात घरगुती ट्रॅम्पोलिनला भोवती उंच जाळी लावायची कल्पना बाजारात आली आणि पाहता पाहता सार्वत्रिक झाली. न्यूझीलंडमध्ये कॅन्टरबरी विद्यापीठातले अभियंते कीथ अलेक्झांडर यांनी त्याहून मुळातला विचार केला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांना मुलीसाठी ट्रॅम्पोलिन घ्यायचं होतं, पण बायकोने धोक्याची वस्तू म्हणून नकार दिला. तेव्हा त्यांनी कडेच्या स्प्रिंगाच काढून टाकल्या आणि चादरीखाली वाकणाऱ्या फायबरच्या काठ्या बसवून लोखंडी चौकट पायांच्या वाटेतून दूर नेली. मला हा माणूस आवडतो. बायकोची हरकत त्याने वाद घालून खोडली नाही, पंधराएक वर्षं काम करून खोडली.

मग जाळीने दुखापती किती कमी झाल्या? इथे निराशा आहे. चादरीवरून खाली पडून झालेल्या दुखापतींचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत २७ ते ३९ टक्क्यांच्या आसपास निघालं. जाळी चांगली असली, नीट लावली असली तर ती यातला काही भाग अडवील. पण उरलेलं बहुतेक चादरीवरच घडतं, आणि तिथे जाळीचा काय उपयोग? २०१२च्या निवेदनाचा निष्कर्ष असा की जाळी आणि पॅडिंग यांमुळे दुखापतींत लक्षणीय घट झाल्याचं दिसत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर जाळीने एक नुकसानही केलं. जाळी लागली की ते यंत्र पाळण्यासारखं, मुलं आत टाकून द्यायच्या जागेसारखं दिसू लागतं. जाळी आहे ना, मग जा सगळे आत!

देखरेखीचंही तसंच. एक तृतीयांश ते निम्म्या दुखापती मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली झाल्याच्या नोंदी आहेत. खुर्ची टाकून, मोबाईल बघत, अधूनमधून ‘हळू रे’ म्हणणं ही देखरेख नव्हे. व्यायामशाळेतला शिक्षक बघत नव्हता, तो चालवत होता. कोण वर जाणार, किती वेळ, काय करणार, कधी उतरणार, हे त्याच्या शब्दावर चाले.

तेव्हा कुंपणापाशी उभ्या असलेल्या त्या तीन पोरांकडे येऊ. त्यांना हो म्हणायचं असेल तर म्हणा, पण अंगणाची व्यायामशाळा करून. वर एक. बाकीच्यांनी नुसतं थांबायचं म्हटलं तर दोन मिनिटांत बंड होईल, म्हणून त्यांना काम द्या. एकाने मोठ्याने उड्या मोजायच्या: वीस झाल्या की पाळी संपली. दुसऱ्याने उडणारा मधल्या खुणेवर आहे का ते बघून ओरडायचं. तिसऱ्याने पुढची पाळी कोणाची ते ठरवायचं. आजोबांनी पंच व्हायचं. पाळी लहान असली की रांग भराभर सरकते आणि भांडण होत नाही. जुन्या शिक्षकांनी हेच केलं होतं, फक्त त्यांचे राखणदार जरा मोठे होते. प्रत्येक पाळीची शेवटची उडी थांबायची: गुडघे वाकवून जागच्या जागी गप्प. उतरताना कडेला बसून पाय खाली सोडायचे, वरून जमिनीवर उडी नाही. कोलांटी कोणीही मारायची नाही, शेजारचा मोठा दादा ‘मला येते’ म्हणाला तरी नाही. खेळ संपला की शिडी काढून घरात, नाहीतर दोन वर्षांचं धाकटं भावंड एकटंच वर चढतं. आणि सहा वर्षांच्या आतल्या मुलांना वर पाठवूच नये. या वयाबद्दल डॉक्टरांत वाद नाही.

वस्तूकडेही एकदा नीट बघा, मुलाला वेळ नसेल तर तुम्ही बघा. जमीन सपाट आहे का, वर झाडाची फांदी किंवा तार आहे का, भोवती कुंपण, भिंत, सायकली किती लांब आहेत. स्प्रिंगांवरचं निळं पॅड उन्हाने सगळ्यात आधी कामातून जातं. ते फाटलं, सरकलं की पाय स्प्रिंगांच्या फटीत जातो. जाळीच्या दोऱ्या, खांबांचे बोल्ट, गंजलेल्या स्प्रिंगा हाताने चाचपा. चौकट जमिनीला खुंट्यांनी जखडली आहे का? हसू नका, ब्रिटनमध्ये वादळानंतर अंगणातली ट्रॅम्पोलिनं उडून रेल्वेच्या रुळांवर जाऊन पडतात आणि गाड्या खोळंबतात. आणखी एक, मुलाला जेवताना सहज विचारा: घराच्या विम्यात हे धरलंय का? पुष्कळ विमा कंपन्या ट्रॅम्पोलिनची जबाबदारी घेत नाहीत, आणि जखमी झालेलं पोर शेजाऱ्याचं असेल तर तो प्रश्न फार मोठा होतो.

वेळ संपत आला. एकदोन प्रश्न घेऊ या. हो, मागच्या रांगेतल्या ताई.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमच्याकडे अंगण नाही, फ्लॅट आहे. व्यायामासाठी मिळतं ते छोटं ट्रॅम्पोलिन गच्चीवर ठेवलं तर चालेल का?)

ते छोटं, तीनेक फूट रुंदीचं, मोठ्यांच्या व्यायामासाठी असतं. त्यावर उंच उडायचं नसतं, पाय फारसे न उचलता हलकं हलकं करायचं असतं. घरात, भिंतीपासून आणि काचेच्या टीपॉयपासून लांब, रबरी पायांवर पक्कं बसवून ठेवा. धरायला दांडी असलेलं घ्या, विशेषतः साठीच्या पुढे. तोल जाण्याचा त्रास असेल, गुडघ्याचं, मणक्याचं किंवा हाडं ठिसूळ होण्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वापर झाला की दुमडून पलंगाखाली टाका, मुलांच्या नजरेआड.

गच्चीवर मात्र नको. कितीही छोटं असलं तरी नको. कठडा साडेतीन फुटांचा असतो, तो जमिनीवर उभ्या राहणाऱ्या माणसाचा हिशेब करून बांधलेला असतो. चादरीवर उभं राहिलं की तुम्ही आधीच फूटभर वर गेलेले असता आणि तो कठडा कमरेच्याही खाली येतो.